पंधरा पाउंडांचा हात

मी हे रागात लिहितेय. आजारातून उठलेल्या माणसानं जरा निवावं, मग लिहावं, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. निवण्याची वाट बघत बसले असते तर हे लिहून झालंच नसतं. आत्ता या क्षणी कुणीतरी बाई सलाईन लावून पडली असेल, आतून नुसती पेटलेली असेल आणि आपण इतक्या कशा वाईट झालो म्हणून स्वतःलाच दोष देत असेल. तिच्यासाठी लिहितेय. बाई, तू वाईट झालेली नाहीस.

मी मंगल. वय त्रेचाळीस. आष्ट्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींना धनुर्विद्या शिकवते. स्वतः पंचवीस वर्षं धनुष्य ओढतेय. लग्नाआधी साताऱ्याला निकम सरांच्या मैदानावर शिकले, आणि लग्नानंतरही सोडलं नाही. नवरा विलास सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, आता घरचा ऊस बघतो. माझं धनुष्य छत्तीस पाउंडांचं होतं. म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढली की बोटांवर सोळा किलोंच्या वर भार येतो. दिवसाला दीडशे बाण मारायचे. हे सांगतेय ते मिरवायला नाही. याच धनुष्यावर पुढं सगळ्यांनी खापर फोडलं, म्हणून सांगतेय.

*

उजव्या काखेच्या थोडं खाली, छातीच्या कडेला, आंघोळ करताना हाताला गाठ लागली. शेंगदाण्याएवढी. दुखत नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. हे ठळक लिहितेय, कारण नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकीनं विचारलं, "अगं, वेळेवर दाखवलं नाहीस का?" दाखवलं होतं. दुसऱ्याच दिवशी.

डॉक्टरांनी कपड्यावरूनच दोन बोटांनी चाचपलं. "मॅडम, तुम्ही ते धनुष्य ओढता ना? स्नायूला गाठ धरलीय. हे मलम चोळा आणि महिनाभर ओढणं बंद."

महिनाभर बंद ठेवलं. गाठ होती तिथंच होती. परत गेले. मलम बदललं, गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती. मी म्हटलं, "डॉक्टर, सांगलीला जाऊन फोटो काढून घेऊ का?"

ते हसले. "मॅडम, तुम्ही मोबाईलवर लय वाचता. शिक्षक लोकांचं असंच असतं. काही नाही, स्नायूच आहे."

आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून बरं वाटलं. घरी येऊन मी भाकरी थापता थापता गाणं गुणगुणलं. त्या गाण्याचा मला अजून राग येतो.

असे आठ महिने गेले. एक दिवस शाळेत निघताना केस बांधायला दोन्ही हात वर केले आणि आरशात दिसलं की गाठीवरची कातडी आत ओढली गेलीय, उशीला टाका घातल्यासारखी. त्या दिवशी कुणाला काही विचारलं नाही. रजेचा अर्ज टाकला आणि सांगलीची एसटी धरली.

*

सांगलीत विश्रामबागच्या एका हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला. रिपोर्टच्या दिवशी विलास सोबत होता. तो गाडी लावायला गेला आणि मला आत बोलावलं. डॉक्टरांनी कागद बघितला, पालथा घातला आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"मिस्टर आलेत. गाडी लावतायत."

"मग ते आले की बोलू."

मी समोर बसलेली. कागद समोर. माझ्याच अंगातल्या तुकड्याचा कागद. बाहेर जागा मिळत नव्हती, विलास येईना. डॉक्टर फोनवर दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "गाठ माझ्या अंगात आहे, त्यांच्या नाही. मला सांगा."

त्यांनी सांगितलं. वाईट सांगितलं नाही, नीट सांगितलं. कॅन्सर आहे, काखेतल्या गाठींपर्यंत गेलाय, पण उपचार होण्यासारखा आहे. आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. मी मान डोलवत होते. तेवढ्यात विलास आला आणि डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या खेपेला माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी जणू त्या खोलीतलं वजनाचं यंत्र.

विलासनं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं होतं. त्यानं एकच विचारलं, "सायेब, धनुष्यामुळं झालं का ह्ये?"

"नाही हो. त्याचा काही संबंध नाही."

त्यानं मान हलवली. पण बावीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, की ते उत्तर त्याच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं.

*

केमोच्या खोलीत आठ खुर्च्या होत्या. सकाळी नंबर लावायचा, रक्ताचा रिपोर्ट यायची वाट बघायची, मग सुई. माझ्या शिरा सापडायच्या नाहीत. तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव यायची. केस गेले, भुवया गेल्या, नखं काळी पडली. हे सगळं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. कुणी सांगत नाही ते हे, की तिथं सगळे तुमच्याशी लहान बाळाशी बोलल्यासारखं बोलतात. "झालं हं, झालं हं, शहाणी आमची." मी एका जिल्ह्याचा संघ घेऊन दिल्लीपर्यंत गेलेली बाई.

शेजारच्या खुर्चीत माधवनगरच्या हौसाक्का असायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर मागावर काम केलेल्या. मागाच्या आवाजानं कान गेले होते, म्हणून त्या मोठ्यानं बोलायच्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जायचं. एकदा मी तोंड भिंतीकडं करून रडत होते. त्यांनी माझ्या खुर्चीला पाय लावला.

"आवं बाई, रडताय कशाला? शिव्या घाला."

"कुणाला?"

"ते तुमी ठरवा. मी माझ्या दिराला घालती. त्येनं काय बी केलं न्हाई बिचाऱ्यानं, पर नाव सोपं हाय त्येचं."

मी डॉक्टरांना घातल्या, त्या मलमवाल्यांना. हळूच घातल्या. हौसाक्का म्हणाल्या, "ऐकू न्हाई आलं." मग मोठ्यानं घातल्या. नर्सच्या हातातला ट्रे हलला. समोरच्या खुर्चीतले एक आजोबा इतके हसले की त्यांची सुई निघायची पाळी आली. हौसाक्कांनी डबीतून मीठ लावलेला आवळा काढून माझ्या हातावर ठेवला. तो चोखला आणि पहिल्यांदा तोंडातला खिळा गेला. पुढं प्रत्येक खेपेला त्यांनी माझ्यासाठी आवळा आणला. त्या अजून आहेत, ठणठणीत आहेत, दिराला शिव्या घालतायत.

ऑपरेशन झालं. उजवी छाती गेली, काखेतल्या गाठी गेल्या. मग शेक. घरच्या ग्रुपवर एका चुलतभावजयीनं पाठवलं, की जुन्या काळी परदेशात म्हणे धनुष्य नीट ओढता यावं म्हणून बायका स्वतःची एक छाती कापून घ्यायच्या. खाली लिहिलं होतं, "आमची मंगल तशीच योद्धा!" आणि हात जोडलेली सात चित्रं.

पहिलं म्हणजे, उजव्या हातानं ओढलं की दोरी छातीला लागते ती डावीकडं. माझी गेली ती उजवी. दुसरं म्हणजे, मी काही कापून घेतलं नव्हतं. माझं कापावं लागलं, कारण एका माणसाला कपड्यावरून चाचपण्यापलीकडं कष्ट घ्यायचे नव्हते. आणि योद्धा म्हणायचं तर मला लढायला कुणी विचारलं होतं? मी ग्रुप सोडला. चार दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही.

*

शेक संपला त्या आठवड्यात मी कपाटामागं हात घातला. धनुष्याची पेटी तिथं असायची. बाणांची नळी होती, पेटी नव्हती.

विलास ओसरीवर मोटारीचा स्टार्टर उघडून बसला होता.

"पेटी कुठंय?"

त्यानं वर बघितलं नाही. "दिली."

"कुणाला दिली?"

"साताऱ्याला, निकम सरांकडं. म्हटलं कुणा पोरीच्या उपयोगी पडंल. तुला आता कशाला लागतंय?"

मी त्याच्यावर ओरडले. आमच्या गल्लीनं बावीस वर्षांत माझा आवाज ऐकला नव्हता तेवढा ओरडले. म्हटलं, माझी छाती कापताना निदान माझी सही घेतली होती.

तो उठला, स्टार्टर तसाच टाकून शेताकडं गेला. मी दुपारी जेवले नाही, तोही जेवायला आला नाही. तिन्हीसांजेला आला आणि उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "त्या काखेत गाठ निघाली तवापास्नं मला ती पेटी बघवंना. वाटायचं, तिनंच खाल्लं तुला. डॉक्टर काय बी म्हणू द्या."

"मग मला सांगायचं होतं."

"तू झोपलेली असायचीस. न्हाईतर ओकत असायचीस. कवा सांगू?"

खरं होतं ते. पण खरं आहे म्हणून राग जात नाही. तो दुसऱ्या दिवशी आपणहून साताऱ्याला गेला. धनुष्याची मधली मूठ परत आली. वरच्या-खालच्या पात्या, ज्यांच्यात ताकद असते, त्या एका मुलीला दिल्या होत्या आणि ती सराव शिबिराला निघूनही गेली होती. पोरीकडनं काढून घ्यायच्या? मी नको म्हटलं. तेही रागानंच म्हटलं.

*

ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चढवायची, पेन्सिलीनं खूण करायची, उद्या तिच्यावर एक बोट. हाताला सूज येते म्हणून घट्ट बाही घालायची. पाच महिन्यांनी फिजिओथेरपीच्या बाईंनी परवानगी दिली: अगदी हलकं, थोडं थोडं, सूज आली की बंद.

निकम सरांनी अठरा पाउंडांच्या पात्या काढून दिल्या. नवशिक्या पोरींना देतात त्या. माझी ओढ आखूड, त्यात व्रण खेचायचा म्हणून ती आणखी आखूड झालेली, त्यामुळं सरांनी काटा लावून मोजलं तर बोटांवर पंधराच येत होते. छत्तीसवरून पंधरा. सरांनी काटा पिशवीत टाकला.

बाण मात्र माझेच होते. बारा बाण, मी निवडलेले, मी पंख चिकटवलेले. लांब नाही, दहा मीटरवर बोर्ड लावला. पहिला बाण सुटला, मुठीला खटकन घासून डावीकडं गेला. दुसरा डावीकडं. सहाच्या सहा डावीकडं, बोर्डाच्या कडेला. मी हाताला शिव्या घातल्या. खांदा दाबला, कोपर वर घेतलं, सोडणं बदललं, व्रण तटतटेपर्यंत ओढलं. डावीकडंच.

आठ दिवस घरामागच्या रानात हेच. आठव्या दिवशी बाही आवळायला लागली, मनगट फुगलं. मी धनुष्य भिरकावलं. विलास बांधावर उभा होता, त्याला म्हटलं, "घ्या, द्या परत कुणाला द्यायचं त्याला."

त्यानं ते उचललं, पुसलं आणि सरांना फोन लावला. मला न विचारता. आणखी एकदा.

सर रविवारी आले. मी सहा बाण मारले. ते पाठीमागं हात बांधून बघत होते.

"हात बरा आहे तुझा," ते म्हणाले.

"सर, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"तुला बरं वाटावं म्हणून मी कधी बोललोय का? मंगल, बाण ताठ आहेत. छत्तीसचे बाण आहेत हे. पंधरा पाउंड त्यांना वाकवू शकत नाहीत. सुटताना बाण मुठीला वळसा घालून जायला हवा, त्यासाठी तो थोडा वाकायला हवा. हा काठीसारखा जातोय. डावीकडं जाणार नाही तर काय होईल?"

मला हे माहीत नव्हतं का? मी हेच मुलींना शिकवते. नव्या मुलीच्या हातात मोठ्या मुलीचे बाण दिसले तर मी ते काढून घेते. पण माझ्या बाबतीत ते मला सुचलं नाही. गेलं वर्षभर जे काही बिघडलं ते माझ्या अंगात बिघडलं होतं, त्यामुळं हेही अंगातच असणार असं मी धरून चालले होते. मी बोर्डाजवळ जाऊन बाण उपटले आणि त्यांतला एक गुडघ्यावर मोडायला गेले. कार्बनचा, मोडला तर कुसळं घुसतात हातात. सर ओरडले, "ठेव खाली!" मी ठेवला.

*

पुढचे तीन रविवार आम्ही बाण बघितले. सरांनी वेगवेगळ्या ताठपणाच्या दांड्या आणल्या होत्या. दांडीवरचा आकडा जितका मोठा तितकी ती मऊ. माझे जुने सातशेचे. पहिल्यांदा अकराशेची मारली, डावीकडं; पण आता खटका कमी. मग तेराशे. मग पंधराशे, न कापलेली, पूर्ण लांबीची. ती उजवीकडं गेली.

मी जाऊन ती बोर्डातून उपटून आणली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी उजवीकडं गेलं होतं.

"मऊ झाली ही," सर म्हणाले. "आता कापत कापत यायचं. लांब बाण जास्त वाकतो, आखूड केला की ताठ होतो. पण एकदम नको. अर्धा-अर्धा सेंटिमीटर."

पद्धत अशी. तीन बाण पंखांसकट मारायचे आणि दोन बिनपंखी. पंख बाणाच्या चुका झाकतात. बिनपंखी बाण काही झाकत नाही, तो जिथं जायचा तिथं जातो. दोन्ही एका जागी लागले की बाण तुमचा. बिनपंखी उजवीकडं गेला तर मऊ, डावीकडं गेला तर ताठ. वर लागला तर दोरीवरची बाण अडकवायची खूण खाली आहे, ती वर घ्यायची. माझा वरही लागत होता. ती खूण मी दोन वेळा वर सरकवली. टोकं जड-हलकी करून बघितली. दिवसाला पंचवीस-तीसच बाण, मग बाही काढून हात उशीवर ठेवायचा.

दांड्या विलासनं कापल्या. माझा हात बाणांसाठी राखून ठेवायचा होता. मोटारीला लावलेल्या कापायच्या छोट्या चकतीवर, तोंडाला फडकं बांधून, तो एकेक दांडी फिरवायचा. टोक गरम करून चिकटवायचं, दांडी गरम करायची नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं.

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"तुम्ही ऐकत नाही, म्हणून सांगतेय."

"आता ऐकतोय न्हवं?"

कुठला बाण कुठं लागला ते तो बियाण्याच्या पिशवीच्या पाठीमागं लिहायचा. सैन्यातल्यासारखं, वेळ घालून.

*

याच दिवसांत मी एका सकाळी त्या डॉक्टरांकडं गेले. नंबर लावला, बसले, आत गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. डोक्यावर बोटभर केस होते. मी त्यांच्याच तीन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, शेजारी सांगलीचा रिपोर्ट ठेवला.

"यात तारखा आहेत," मी म्हटलं. "बघा."

त्यांनी बघितल्या. मग म्हणाले, "सुरुवातीला कळत नाही मॅडम. कुणालाच कळत नाही."

"कळत नव्हतं तर पाठवायचं होतं. मी विचारलं होतं."

माफी मागतील असं मला वाटत नव्हतं, तरी मी थांबले. त्यांनी घंटी वाजवली, पुढच्या पेशंटला.

मी बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत गेले असेन, मागून एक बाई पळत आली. आत रांगेत बसलेली. दार उघडंच होतं, तिनं सगळं ऐकलं होतं. तिशीतली असेल. "ताई, मला बी हाय एक गाठ. दोन महिनं झालं. कुठं जाऊ?"

तिला घेऊन मी तशीच सांगलीला गेले. सकाळी अकराला तपासलं, दुपारी सोनोग्राफी झाली, पाण्याची गाठ होती, सुईनं पाणी काढलं, गाठ बसली. संध्याकाळी पाचला आम्ही स्टँडवर. ती रडत होती, पुन्हा पुन्हा माझे हात धरत होती. "ताई, तुमचा उगं दिवस मोडला."

मला आनंद झाला, झालाच. पण त्याच्या खाली जे होतं तेही लिहिते, कारण खरं लिहायचं म्हणून बसलेय. मी घड्याळ बघत होते. अकरा ते पाच. सहा तासांचं काम होतं. माझे आठ महिने गेले आणि काम होतं सहा तासांचं. मला त्या स्टँडवरच्या सगळ्या एसट्या उलट्या कराव्यात असं वाटलं. तिला मी केळी घेऊन दिली आणि गाडीत बसवलं.

*

तिसऱ्या रविवारी सर आले नाहीत, मी आणि विलास दोघंच होतो. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं. बोर्ड अठरा मीटरवर. तीन पंखांचे मारले, मधल्या पिवळ्याच्या खाली, लाल पट्ट्यात, मुठीत मावतील एवढ्यात लागले. मग बिनपंखी. पहिला त्यांच्यातच जाऊन बसला. दुसरा मारताना मी श्वास धरला होता, तो धरायचा नसतो. तोही तिथंच, जरासा खाली.

पाच बाण एका जागी. पिवळ्यात नाही. लालात. पंधरा पाउंडांनी. पूर्वी असा गट लागला असता तर मी वहीतही लिहिला नसता.

विलासनं पिशवीवर लिहिलं. वेळ घातली. मग पेनाला टोपण लावलं.

"मी विचारायला पायजे हुतं," तो म्हणाला. "पेटी द्यायच्या आदी."

"व्हय. पायजे हुतं."

"चुकलं माझं."

मी बाही वर-खाली करत होते. हात गरम झाला होता, पण सुजला नव्हता.

"आता गेला का राग?" त्यानं विचारलं.

मी जरा तपासून बघितलं. खरंच बघितलं, आत कुठं कमी झालाय का.

"न्हाई," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि बाण काढायला बोर्डाकडं चालू लागला.